अनिश्चित काळात कार्यक्रमाचं नियोजन: निर्णयाच्या तारखा आधी लिहून ठेवा

पडद्यामागे (धागाकर्ती)

गेल्या दोन महिन्यांत चार आयोजकांचे फोन आले. कुणाची परिषद आहे, कुणाचं प्रदर्शन, एकाचा खुल्या मैदानातला संगीत महोत्सव. प्रश्न सगळ्यांचा सारखाच: "आत्ता सभागृह पक्कं करू की थोडं थांबू?" आवाजात काळजी होती आणि ती खरी आहे. प्रवासाचे नियम बदलतात, हवामान दगा देतं, प्रायोजक शेवटपर्यंत हो-नाही करत राहतात, आणि लोक नोंदणी करतात तीसुद्धा अगदी शेवटच्या आठवड्यात.

मी सतरा वर्षं या कामात आहे. चौघांनाही एकच सांगितलं: पक्कं करा, आणि ज्या दिवशी पक्कं कराल त्याच दिवशी बसून निर्णयाच्या तारखा लिहून काढा.

निर्णयाची तारीख म्हणजे काय ते सांगते. कार्यक्रमाचा पैसा कार्यक्रमाच्या दिवशी जात नाही. तो आधीच्या काही ठरावीक दिवशी जातो. सभागृहाचा दुसरा हप्ता भरला की तेवढा गेला. वक्त्यांची विमान तिकिटं काढली की गेला. छपाईला फाइल दिली की गेला. अशा प्रत्येक दिवसानंतर माघार घेणं महाग होत जातं. मग त्या दिवसाच्या आदल्या दिवशी समितीने बसून एकदा विचारायला नको का, की अजून पुढे जायचं आहे ना?

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला असतो. मागच्या परिषदेच्या वेळी त्यावर पेन्सिलीने पाच रेघा होत्या. ९० दिवस आधी सभागृहाचा दुसरा हप्ता. ६० दिवस आधी परदेशी वक्त्यांची तिकिटं. ३० दिवस आधी प्रदर्शनाच्या स्टॉलची उभारणी सांगणं. १४ दिवस आधी छपाई. ५ दिवस आधी खानपानाचा शेवटचा आकडा. प्रत्येक रेघेपुढे तीन गोष्टी: त्या दिवसापर्यंत कोणती माहिती हातात हवी, कोणतं लक्षण दिसलं तर थांबायचं, आणि अंतिम शब्द कुणाचा. बस. ६० दिवसांच्या रेघेवर आम्ही खरोखर थांबलो होतो. दोन वक्त्यांचे व्हिसा आले नव्हते. तिकिटं काढली नाहीत, त्यांची सत्रं दूरदृश्य पद्धतीने ठेवली आणि बाकी परिषद ठरल्याप्रमाणे केली. तो निर्णय वीस मिनिटांत झाला, कारण "व्हिसा नसेल तर काय" याचं उत्तर तीन महिन्यांपूर्वीच लिहिलेलं होतं.

लक्षणं आधी ठरवणं किती गरजेचं आहे याचं एक उदाहरण देते. बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस, म्हणजे मोबाइल उद्योगाचं मोठं प्रदर्शन, २०२० साली २४ ते २७ फेब्रुवारीला व्हायची होती. एक लाखाहून जास्त लोक यायचे होते. सरकारने बंदी घातलेली नव्हती. पण मोठे प्रदर्शक एकामागून एक माघार घेत गेले आणि शेवटी १२ फेब्रुवारीला आयोजकांनी ती रद्द केली. म्हणजे हुकूम कुठूनच आला नाही, आणि तरी कार्यक्रम हातून गेला. म्हणून समितीला मी नेहमी विचारायला लावते: आपले सर्वांत मोठे तीन आधारस्तंभ कोण, आणि त्यातले किती गेले तर आपण उभं राहू शकत नाही?

तुम्ही कसं करता ते लिहा. विशेषतः जे चुकलं ते.

---

नवखी

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी पहिल्यांदाच दोन दिवसांची परिषद करतेय. अंदाजे चारशे लोक, आम्ही सहा स्वयंसेवक, सगळे नोकरी सांभाळून. पाच महिने हातात आहेत.

दोन प्रश्न. या तारखा शोधायच्या कशा? आमच्याकडे तर आत्ता फक्त सभागृहाची पावती आहे. आणि दुसरं, "थांबायचं कधी" हे लिहून ठेवलं आणि प्रायोजकांना कळलं तर त्यांना वाटणार नाही का की यांचाच यांच्यावर विश्वास नाही?

---

जमाखर्च

मी आयोजकांचे हिशेब बघतो, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एक कोरा तक्ता घ्या. डावीकडे ज्यांना ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांची नावं. प्रत्येकासमोर चार रकाने: एकूण रक्कम, आजवर दिलेला इसार, पुढचा हप्ता कधी, आणि आज रद्द केलं तर किती परत येईल. हा चौथा रकाना भरताना निम्म्या जणांना फोन करावा लागेल, कारण करारात ते लिहिलेलंच नसतं. तो फोन आत्ता करा. कार्यक्रम सुरळीत चाललेला असताना विचारलं तर समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो. संकट आल्यावर तोच माणूस करार उघडून बसतो.

तक्ता भरला की तारखा आपोआप दिसतात. ज्या दिवशी "परत न येणारा पैसा" एकदम उडी मारतो, ती तुमची निर्णयाची तारीख.

आता कराराबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथे पाहिलंय. जवळपास प्रत्येक करारात आपत्तीचं कलम असतं: भूकंप, पूर, युद्ध, सरकारी आदेश वगैरे झालं तर दोन्ही बाजू जबाबदारीतून मुक्त. लोक ते वाचून निर्धास्त होतात. पण ते कलम बहुतेक वेळा तेव्हाच लागू होतं जेव्हा कार्यक्रम करणं अशक्य होतं. करणं शहाणपणाचं नाही एवढ्याने ते लागू होत नाही. वर बार्सिलोनाचं उदाहरण आलंय, तिथे नेमका हाच पेच. बंदी नसताना तुम्ही स्वतः रद्द केलंत तर कागदोपत्री ती तुमची मर्जी ठरू शकते. म्हणून नवा करार करताना दोन वाक्यं मागून घ्या. एक, ठरावीक मुदतीआधी कळवलं तर तारीख एकदा बदलता येईल आणि भरलेली रक्कम नव्या तारखेला वळती होईल. दुसरं, उपस्थितीवर मर्यादा आली तर भाडं किंवा किमान संख्या त्या प्रमाणात कमी होईल. सगळे देत नाहीत. मागितल्याशिवाय मात्र कुणीच देत नाही.

विम्याचंही तसंच. २०२० मध्ये विम्बल्डन रद्द झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा. पण त्यांच्या पॉलिसीत साथरोगाचं संरक्षण अनेक वर्षांपासून घेतलेलं होतं, त्यामुळे ते तग धरून राहिले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराने ६ मार्चला साउथ बाय साउथवेस्ट महोत्सव रद्द करायला लावला, सुरू व्हायला जेमतेम आठवडा असताना. आयोजकांकडे विमा होता, पण त्यात संसर्गजन्य आजार बसत नव्हता. काही दिवसांतच त्यांना सुमारे एक तृतीयांश कायम कर्मचारी कमी करावे लागले. विमा दोघांकडेही होता, फरक होता तो आतल्या ओळींत. आणि आता साथरोग वगळणारी ओळ बहुतेक पॉलिसींमध्ये सरसकट असते, तेव्हा पॉलिसी घेताना "काय बसत नाही" ते पान आधी वाचा.

राखीव निधी किती ठेवायचा, असं लोक विचारतात. माझं मत: टक्केवारी सोडा. "उद्या रद्द केलं तर सगळ्यांची देणी फेडून किती कमी पडतील" हा आकडा काढा आणि तेवढी सोय दाखवता येत नसेल तर कार्यक्रम लहान करा.

---

पडद्यामागे

जमाखर्च, अगदी मुद्द्याचं लिहिलंत. चौथ्या रकान्याचा फोन प्रत्येक नव्या आयोजकाने करायलाच हवा.

नवखी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. माझा अनुभव उलटा आहे. प्रायोजकाला ज्या आयोजकाची भीती वाटते तो म्हणजे "सगळं छान होणार" एवढंच म्हणणारा. मी प्रायोजकांना त्या पाच तारखांपैकी त्यांच्याशी संबंधित दोन तारखा स्वतःहून देते: "या दिवशी मी तुम्हाला कळवीन, त्यानंतरच बॅनरच्या छपाईला पैसे घाला." पैसे सांभाळून वापरले जाणार हे त्यांना दिसतं. आजवर या कारणाने एकही प्रायोजक गेला नाही.

---

मैदानकर

सभागृहवाल्यांना तारखा पुरतात. आम्हा मैदानवाल्यांना तासही लिहावे लागतात आणि त्यात जिवाचा प्रश्न असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१३ ऑगस्ट २०११ ला इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळी वाऱ्याने रंगमंचावरचा सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला. सात जण गेले. वादळ येतंय हे माहीत होतं, त्याबद्दल बोलणी चालू होती, प्रेक्षकांना सूचनाही दिली गेली होती, पण जागा रिकामी करायचा निर्णय झाला नव्हता. नंतरच्या चौकशीत सांगाडा पुरेसा मजबूत नसल्याचं निघालंच, शिवाय कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा यात संदिग्धता होती हेही निघालं. पाचच दिवसांनी बेल्जियममधल्या पुकेलपॉप महोत्सवात वादळ आलं आणि तिथे पाच जण गेले.

मी हे वाचलं तेव्हापासून आमच्या मैदानावर एक नियम आहे. थांबवायचा अधिकार एकाच माणसाकडे, आणि त्या माणसाकडे तिकीटविक्री, कलाकार, प्रायोजक यातलं दुसरं कोणतंही काम नाही. गळ्यात वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, हातात एक कागद. कागदावर वाऱ्याचे तीन आकडे, उभारणी करणाऱ्या अभियंत्याने त्या विशिष्ट सांगाड्यासाठी लिहून दिलेले: या वेगाला बॅनर आणि पडदे उतरवायचे, या वेगाला वरचे दिवे आणि ध्वनिक्षेपक खाली घ्यायचे, या वेगाला माणसं हलवायची. दुसऱ्याच्या मैदानाचे आकडे उचलू नका, प्रत्येक सांगाडा वेगळा असतो.

विजेचा नियम त्याहून सोपा. गडगडाट ऐकू आला की वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. लोकांना आडोशाला न्यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मधेच पुन्हा ऐकू आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. मुख्य कलाकार स्टेजच्या पायऱ्यांवर उभा असला तरी. हे मी प्रत्यक्ष केलंय. सव्वीस मिनिटं झाली होती, आकाश मोकळं वाटत होतं, व्यवस्थापक माझ्या शेजारी उभा राहून घड्याळ दाखवत होता, आणि लांबवर एक गडगड झाली. पुन्हा शून्य. त्या रात्री दोन सादरीकरणं कापावी लागली आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरी सुखरूप होते.

ताई, तुमच्या तारखांच्या कल्पनेत हवामानाची भर घालतो. पाच दिवसांचा अंदाज साधारण ९० टक्के वेळा बरोबर येतो, दहा दिवसांपलीकडचा निम्म्याच वेळा. म्हणजे दहा दिवस आधीच्या अंदाजावर घाबरून रद्द करणं चुकीचं आणि निश्चिंत होणंही चुकीचं. आमची हवामानाची निर्णयाची तारीख पाच दिवस आधीची, दुसरी ४८ तास आधीची. त्याआधी अंदाज बघतो, पण त्यावर निर्णय घेत नाही. समितीच्या गटावर रोज ढगांची चित्रं टाकणाऱ्यांना हे प्रेमाने सांगावं लागतं.

---

तारवाला

मी ध्वनी आणि प्रकाशयोजना पुरवतो. आयोजकांच्या धाग्यावर पुरवठादाराने लिहावं की नाही असा विचार केला, पण लिहितोच.

दोन वर्षांपूर्वीची रात्र. दोन ट्रक भरून झाले होते. शेवटची पेटी आम्ही तिघं मिळून आत ढकलत होतो. प्रत्येक केबल गुंडाळून, पांढऱ्या टेपवर लांबी लिहून, रंगमंचाच्या डावी-उजवीप्रमाणे लावलेली. फोन वाजला. निरोप: "कार्यक्रम रद्द. तसदीबद्दल क्षमस्व." नंतर कळलं की समितीने निर्णय तीन दिवस आधीच घेतला होता. पाहुण्यांना कळवलं, प्रायोजकांना कळवलं, प्रेक्षकांसाठी निवेदन तयार केलं. आम्हाला कळवायचं राहून गेलं. त्या तारखेसाठी मी दुसरं काम नाकारलं होतं. तीन दिवस आधी कळलं असतं तर ते काम मिळालं असतं आणि माझ्या सहा पोरांची मजुरी सुटली असती.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या तक्त्यावर प्रत्येक तारखेपुढे "कुणाला कळवायचं" हाही रकाना ठेवा आणि त्यात ज्यांचं पोट त्या दिवसावर आहे त्यांची नावं सगळ्यात वर ठेवा.

आणि इसाराबद्दल. जमाखर्च म्हणतात तसं तारीख बदलली तर रक्कम वळती करायला मी तयार असतो. जवळजवळ सगळेच पुरवठादार असतात. आम्हाला नवी तारीख हवी असते, पैसे बुडवायचे नसतात. फक्त "बघू, कळवतो" म्हणून वर्षभर लटकवू नका. नवी तारीख नसेल तर ज्या कामात आमचा वेळ आणि माणसं लागून गेली तेवढे पैसे द्या आणि उरलेले परत घ्या. दोघंही मोकळे.

---

पडद्यामागे

तारवाला दादा, हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. आजच घातला. लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

खिडकीपलीकडे

मला एक कळत नाही. एवढी धास्ती कशाला? प्रत्येक कार्यक्रम सुरुवातीपासूनच दोन्ही प्रकारे करा, प्रत्यक्ष आणि ऑनलाइन. प्रत्यक्ष फसला तर ऑनलाइन आहेच. आम्ही २०२० पासून असंच करतो.

---

पडद्यामागे

इथे मी पूर्ण सहमत नाही. दोन्ही प्रकारे करणं म्हणजे एका चमूने एकाच दिवशी दोन कार्यक्रम करणं. ऑनलाइनसाठी वेगळा सूत्रसंचालक लागतो, कॅमेऱ्यामागे वेगळी माणसं लागतात, प्रश्न घेणारं कुणीतरी लागतं, सभागृहाचं इंटरनेट वर चढवण्याचा वेग देतं की नाही ते आधी तपासावं लागतं. नवखीकडे सहा जण आहेत. त्यातले तीन ऑनलाइनकडे गेले तर दारावर कोण? मी दोन्ही बाजू अर्धवट झालेले कार्यक्रम बरेच पाहिलेत: घरून बघणाऱ्याला वक्त्याची पाठ दिसते आणि सभागृहातला माणूस "आवाज येतोय का?" ऐकत बसतो.

छोट्या चमूला मी सांगते की ऑनलाइन हा पर्यायी आराखडा म्हणून तयार ठेवा. वक्त्यांना आधी विचारून ठेवा की वेळ आली तर घरून बोलाल का. प्रत्येकाशी एकदा दहा मिनिटांची चाचणी करा. सत्रं छोटी करून दुसरं वेळापत्रक लिहून ठेवा, कारण सभागृहातलं दिवसभराचं वेळापत्रक पडद्यावर कुणी बघत नाही. आणि बदल करायची शेवटची तारीख ठरवा.

---

खिडकीपलीकडे

चमू छोटा असेल तर मान्य. आमच्याकडे तांत्रिक बाजूला स्वतंत्र आठ जण आहेत हे मी धरून चाललो होतो. पण एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ऑनलाइनमुळे प्रवास न परवडणारे, आजारी, लहान मुलं घरी असलेले लोक पहिल्यांदा आमच्या परिषदेत आले. त्यांना "प्रत्यक्ष जमलं नाही तरच तुम्ही" असं करू नका. निदान मुख्य सत्रांचं ध्वनिमुद्रण तरी करा.

---

पडद्यामागे

हे मनापासून पटलं. ध्वनिमुद्रण सहा जणांतही जमतं.

---

पळणारा

मी आयोजक नाही, शर्यतींत धावतो. समोरच्या बाजूने लिहितो.

२०१२ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन ४ नोव्हेंबरला होती. सँडी चक्रीवादळ २९ ऑक्टोबरला धडकलं. शहरात माणसं मेली होती, घरं अंधारात होती. शर्यत होणारच असं सांगितलं जात राहिलं आणि जगभरातून धावपटू विमानाने येऊन पोचले. मग शर्यतीच्या ठिकाणी ठेवलेल्या जनरेटरवरून संताप उसळला आणि २ नोव्हेंबरला, दोन दिवस उरलेले असताना, रद्द झाली. रद्द करणं योग्यच होतं. चुकली ती वेळ. चार दिवस आधी रद्द केली असती तर हजारो लोक घरूनच निघाले नसते आणि शहराचा रोषही ओढवला नसता. तरी त्या रविवारी कित्येक धावपटू स्टेटन आयलंडवर जाऊन मदतसाहित्य वाटत होते. नंतर धावपटूंना पर्याय दिले गेले: पैसे परत, किंवा पुढच्या तीनपैकी एका वर्षी नक्की प्रवेश.

उलट उदाहरण २०१९ च्या रग्बी विश्वचषकाचं. जपानमध्ये हगिबिस वादळ येत होतं. साखळी सामना रद्द झाला तर तो पुढे ढकलायचा नाही, शून्य-शून्य बरोबरी धरून दोन्ही संघांना दोन-दोन गुण द्यायचे, हा नियम स्पर्धेआधीच लिहिलेला होता. १२ ऑक्टोबरचे दोन सामने दोन दिवस आधी रद्द झाले, आणखी एक १३ तारखेला सकाळी रद्द झाला. नाराजी झाली, इटलीच्या खेळाडूंना फार वाईट वाटलं, पण काय होणार याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता.

तिकीट काढणारा म्हणून मला एवढंच हवं असतं: पैसे देतानाच समोर लिहिलेलं असावं की रद्द झालं तर काय, पुढे ढकललं तर काय, मलाच येता आलं नाही तर काय. वर उल्लेख आलेल्या ऑस्टिनच्या महोत्सवाने पैसे परत न करता पुढच्या वर्षांचे पास देऊ केले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पास घ्यायला अनेक जण तयार असतात. पर्यायच नसला की लोक चिडतात.

---

जमाखर्च

+१. माझ्याकडच्या हिशेबात नेहमी दिसतं की पैसे परत, रक्कम पुढच्या वेळेला वळती, किंवा देणगी म्हणून सोडून देणं, असे तीन पर्याय खुले ठेवले की बरेच लोक स्वतःहून दुसरा-तिसरा निवडतात. मात्र पहिला पर्याय सगळ्यात वर आणि ठळक हवा, लपवलेला नको.

---

पडद्यामागे

अजून एक गोष्ट, मग नवखीचं ऐकायचं आहे. तारखा ठरवायच्या आधी आम्ही एक तासाची सभा घेतो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये 'प्री-मॉर्टेम' म्हणून मांडलेली पद्धत आहे. सगळ्यांनी असं धरायचं की कार्यक्रम होऊन गेला आणि पार फसला. आता प्रत्येकाने एकेकटं बसून, न बोलता, का फसला ते लिहायचं. मग फिरत फिरत एकेक कारण वाचायचं. "काय चुकू शकेल?" असं विचारलं की लोक भिडेखातर गप्प बसतात. "चुकलंच आहे, का चुकलं?" विचारलं की हात भराभर चालतात.

एकदा आमच्या सर्वांत लहान स्वयंसेविकेने, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होती, कागदावर लिहिलं: "नोंदणीची यादी फक्त सरांच्या लॅपटॉपमध्ये होती आणि सर आजारी पडले." खोलीत शांतता. यादी खरोखरच फक्त तिथे होती. इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या आम्हा कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दोन माणसं, आणि दुसऱ्याने ते काम निदान एकदा स्वतः करून पाहिलेलं असतं. वक्त्यांचंही तेच. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली बरीच विमानं सुमारे सहा दिवस बंद होती. तेव्हा ज्यांनी आसपासच्या वक्त्यांपैकी दोघांना आधीच "गरज पडली तर बोलाल का" विचारून ठेवलं होतं, त्यांची सत्रं झाली.

स्वयंसेवकांच्या तब्येतीकडेही बघा. अनिश्चितता पैशाआधी माणसांना थकवते. रोज रात्री अकराला "काय ठरलं?" विचारणारे निरोप सुरू झाले की समजा, चमूला पुढची निर्णयाची तारीख माहीत नाहीये. ती सांगितली की मधले दिवस ते शांतपणे काम करतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

---

नवखी

आठवडाभर गप्प होते कारण खरोखर फोन करत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

चौथा रकाना भरला. सभागृहवाले म्हणाले ७५ दिवस आधी कळवलं तर तारीख एकदा बदलून देतील, लेखी द्यायलाही तयार झाले. हे करारात कुठेच नव्हतं, नुसतं विचारल्यावर मिळालं. ध्वनिवाल्यांना विचारलं तर ते आधी दोन क्षण गप्पच झाले, मग म्हणाले की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

आमच्या चार तारखा निघाल्या: ७५, ४०, १५ आणि ५ दिवस आधी. ४० व्या दिवशी नोंदणी दीडशेच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवसाचं लहान सभागृह सोडायचं आणि सगळं एका दिवसात बसवायचं. एका दिवसाचं वेळापत्रक काल रात्री लिहून झालं. खरं सांगू, ते दोन दिवसांच्या वेळापत्रकापेक्षा बरं दिसतंय.

प्री-मॉर्टेमची सभा रविवारी झाली. सहापैकी तिघांनी एकच कारण लिहिलं होतं: "नवखीने सगळं एकटीने करायचा प्रयत्न केला." त्यावर बोललो. नोंदणी आणि वक्ते आता माझ्याकडे नाहीत.

रद्द करावं लागलं तर पाठवायचा निरोपही लिहिला. चार ओळी: काय झालं, तुमच्या पैशाचं काय, पुढचं कधी कळवू, शंका असेल तर कुणाशी बोलायचं. लिहिताना हात जड झाला होता, पण लिहून ठेवल्यावर झोप लागली.

---

तारवाला

निरोप उत्तम. तो कोण पाठवणार आणि आधी कुणाला, हे लिहिलंय का?

---

नवखी

लिहिलंय. दोन जणांची नावं आहेत, एक नसेल तर दुसरा. यादीत पहिले सहा फोन पुरवठादारांचे. ध्वनिवाले सगळ्यात वर.